आबांच्या पिकअपचे ब्रेक

हसू नका, पण आमच्या आबांच्या पिकअपला कंपनीनं परत बोलावलं होतं. शोरूममधून फोन आला, "ब्रेकमध्ये दोष निघालाय, फुकट बदलून देतो. गाडी अजिबात चालवू नका, धुळ्याला घेऊन या."

आबा सांगितलेलं ऐकणारा माणूस. त्यांनी पिकअप दोरानं ट्रॅक्टरच्या मागे बांधली, ट्रॅक्टर मला दिला आणि स्वतः पिकअपच्या स्टिअरिंगवर बसले. शिरपूरहून निघालो ते थेट धुळ्याचं वर्कशॉप.

मेकॅनिकनं पिकअप पुढून न्याहाळली. साधा ओरखडाही नव्हता. "आबा, उतारावर ही ट्रॅक्टरवर आदळली कशी नाही?"

"मी बठ्ठी वाट, शिरपूर ते धुळे, ब्रेकवरच पाय ठेयेल व्हता."

"म्हणजे ब्रेक लागतात?"

"झकास लागतस," आबा म्हणाले. "तक्रार तुमनी शे, मनी नही."