दोन्ही मुलगे खरे

अतारा : सरका थोडे, भाऊजी. गाठोडं ठेवायचंय.

कमोशेल : ठेवा की. वेशीवरचा हा दगड मला एकट्याला फार मोठा होतो आता. पूर्वी न्याय मागायला आलेल्यांना इथं उभं राहायला जागा नसायची. गाठोडं कसलं, वहिनी? या वयात माहेरी निघालात की काय?

अतारा : माहेरी कोण उरलंय. कालचा निवाडा तुमच्या कानावर आला नाही?

कमोशेल : माझ्या कानावर कोण घालणार? सगळे सरदाराच्या अंगणात जातात. तो दरसाल खंडणीची लोकर घेऊन यरुशलेमला जातो आणि येताना शलमोन राजाच्या गोष्टी घेऊन येतो. आपल्या मवाबातच नाही, अम्मोनात तेच, अदोमात तेच. दोन शेजारणी भांडल्या तरी विचारतात, शलमोनानं काय केलं असतं? या दगडावर जन्म काढलेला कमोशेल काय म्हणतो, ते कुणी विचारत नाही. असो. कुणाचा निवाडा?

अतारा : माझा.

कमोशेल : तुम्ही कुणाशी भांडलात?

अतारा : मी कशाला भांडू. पोरं भांडली. हे गेले आणि वाटण्या झाल्या. मेंढ्या इथमाला, द्राक्षमळा सिप्पोरला. मी राहिले.

कमोशेल : राहिलात म्हणजे?

अतारा : कुणाकडे ते ठरेना. इथमाच्या बायकोचं आणि माझं पटत नाही. सिप्पोरचं घर लहान. मग गेले दोघं सरदाराकडे. त्यानं भिंतीवरची तलवार काढली.

कमोशेल : थांबा. दोन बायका एका बाळासाठी भांडतात, राजा म्हणतो कापून वाटून घ्या, आणि खरी आई म्हणते कापू नका, तिलाच देऊन टाका. तीच ना गोष्ट?

अतारा : तीच. गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. सरदार म्हणाला, म्हातारीचे दोन तुकडे करतो, एकेक न्या. सगळे हसले. मीही हसले. चारचौघांत तोंड पाडून कसं बसायचं?

कमोशेल : आणि पोरं?

अतारा : इथमा म्हणाला, कापू नका, अख्खी सिप्पोरला द्या. सिप्पोर म्हणाला, नको नको, अख्खी दादालाच द्या.

कमोशेल : म्हणजे खऱ्या आईचं बोलणं दोघांनीही उचललं.

अतारा : हो ना. सरदाराला तर भरून आलं. म्हणाला, शलमोनाला एकच खरी आई सापडली, आपल्याकडे दोन्ही मुलगे खरे निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी एकमेकांना मिठी मारली. मग सगळे जेवायला गेले.

कमोशेल : तुम्ही कुणाकडे गेलात?

अतारा : मला वाटलं, कुणीतरी हाक मारेल. इथमाला वाटलं असेल सिप्पोर नेईल. सिप्पोरला वाटलं असेल दादा नेईल. अंगणातच पडले. सरदाराच्या बायकोनं घोंगडी दिली, खोटं कशाला बोलू.

कमोशेल : गाढव आहे तो सरदार. अहो, त्या राजानं तलवार काढली ती तोंडं बघायला. बोललेलं कुणालाही पाठ करता येतं. तुम्ही समोर होता ना? ‘त्याला द्या’ म्हणताना इथमाचं तोंड कसं होतं?

अतारा : मी खाली बघत होते.

कमोशेल : आणि सिप्पोरचं?

अतारा : सांगितलं ना, खाली बघत होते. चपलेचा बंद सुटला होता.

(कमोशेल काठी टेकून उठतो.)

कमोशेल : मी देतो निवाडा. अजून देता येतो मला. दोघांना इथं बोलावतो. मेंढ्या आणि मळा पुन्हा एकत्र करा म्हणतो. ज्याच्या घरी आई, त्यालाच सगळं. मग बघू कोण म्हणतो अख्खी दादाला द्या.

अतारा : मग भांडतील माझ्यासाठी?

कमोशेल : भांडतील तर. डोकी फोडतील.

अतारा : मेंढ्यांसाठी भांडतील, भाऊजी. नको. आत्ता निदान लोक म्हणतात, दोन्ही मुलगे खरे.

कमोशेल : मग माझ्याकडे आलात तरी कशाला?

अतारा : तुमच्याकडे कुठं आले? वेशीवर आले. इथमाच्या मेंढ्या संध्याकाळी इथूनच आत येतात. सिप्पोरची मळ्याची वाटही हीच.

कमोशेल : बसा मग. जवाची भाकरी आहे, अंजिरं आहेत. एकट्यानं खाऊन कंटाळलोय मी. खरं सांगतो, तुम्हाला येताना बघितलं आणि बरं वाटलं. म्हटलं, आपल्याकडे कुणीतरी आलं.

अतारा : अर्धीच द्या. रात्री झोप नाही झाली. माझा डोळा लागला तर इथमा दिसला की उठवा. नाहीतर सिप्पोर.

कमोशेल : आणि दोघंही तसेच पुढे गेले तर?

अतारा : तर झोपू द्या.