किसने खोदा ये तालाब?

बायकोसंग परदेशात फिराले जासाल त गाइडले आधीच सांगून ठेवा गड्यांनो, की हिच्या माहेरच्या पाण्याचं नाव काढू नको.

ऐंशीच्या सुमारास आम्ही यात्रेच्या बसनं नेपाळले गेलो होतो. पोखऱ्यात सारी बस छत्र्या अन् टॉर्च घ्याले बाजारात घुसली. आमची मंडळी म्हणे, "छत्री तुमसरात भेटते. मले गाव पाहाचं आहे." मग दिवसभरासाठी तिथलाच एक गाइड केला.

त्यानं आम्हाले मोठ्या तलावावर नेलं अन् ऐटीत म्हणे, "जी भरके देख लीजिए माताजी, आपके महाराष्ट्र में तो सूखा रहता है!"

झालं! मी डोळ्यानं खुणावलं, पण ती कायले ऐकते?

"किसने खोदा ये तालाब?" तिनं विचारलं. भंडाऱ्याकडच्या माणसाचा तलावावर हाच पहिला प्रश्न असते.

गाइड हसला. "किसीने नहीं, भगवान ने बनाया."

"मग तू कायले फुगून राहिला?" ती मराठीतच कडाडली. "माह्या माहेरचा तलाव माह्या पणज्यानं खोदला. डोक्यावर माती वाहून पाळ बांधली!"

गाइडचा चेहरा उतरला. मले त्याची कीव आली. मी हळूच म्हटलं, "अवं, पण तुमचा तलाव उन्हाळ्यात आटते ना?"

तशी ती माह्यावरच उलटली. "आटला त आटला! आम्ही आणखी खोल खोदू. याचा आटला त हा फावडं कोणाले देईल, भगवानाले?"