खंडेनवमीचा नारळ आन् उलटा पडदा

…न्हाई, तुमीच सांगा, खंडेनवमीला औजाराची पूजा करावी का न करावी? शेतकरी नांगराची करतो, न्हावी कात्रीची करतो, आमच्या शिरूर कासारात टमटमवाला टमटमला हार घालतो, मंग माझं सेवा केंद्र हाय, माझं औजार कंप्युटर, मी त्याला कुंकू लावलं तर कुनाच्या बापाचं काय गेलं? आन् मशीन चालू ठिवूनच लावलं, कावून की बंद मशीनला कुंकू लावनं म्हंजे निजलेल्या मानसाला ओवाळल्यावानी, ते बरं दिसत न्हाई. नारळाला जागा नव्हती, म्हून कीबोर्डाच्या उजव्या कोपऱ्यावर ठिवला. बास. मी फकस्त नारळ ठिवला.

हात जोडले, डोळे मिटले, उघडले… तर पडदा उलटा. सगळी अक्षरं खाली डोकं वर पाय. पैलं वाटलं मलाच चक्कर आली. पानी पिलो. तरी उलटा. मशीन बंद केली, चालू केली. उलटा. मंग देवाला म्हनलं, बाबा, उदबत्ती कमी पडली का?

आन् तेवढ्यात दारात जाईबाई. पोरीला, दीपमालाला, हाताला धरून. मी पडद्याम्होरं आडवा उभा ऱ्हायलो. कावून? जाईबाई निघाली ऊसतोडीला, नवरा आधीच ट्रॅक्टरात जाऊन बसलेला, आन् पोरीचा वसतिगृहाचा फारम भरायचा ऱ्हायलेला, आन् फारमाची मुदत आज पाच वाजेपर्यंत. फारम भरला तर पोरगी वसतिगृहात ऱ्हाऊन पाचवी शिकनार. न्हाई भरला तर पोरगी बी ट्रॅक्टरात, साऽ म्हैने फडावर, धाकट्याला सांभाळायला. आन् घड्याळात वाजलेत साडेतीन.

"दादा, तेवढं पोरीचं बघा," जाईबाई म्हनली.

"बघतो की," म्हनलं. काय बघतो? उलटं बघतो!

बाहेर मुकादम त्रिंबक, ट्रॅक्टरचा भोंगा दाबून धरलेला. "ए अभिमन्या, आवर की बे, चारला निघायचंय मला, कारखाना काय तुझ्यासाठी थांबनार हाय का?" गावातली बाकीची दोन केंद्रं पूजा करून कुलूप लावून गेलती. त्यांनी बी नारळ ठिवला असंल की न्हाई? त्यांचं कायबी झालं न्हाई. माझंच कावून?

तुमी म्हनताल, पडदाच उचलून उलटा धरायचा. धरला असता हो… पन गेल्या वर्षी केंद्रातला पंखा चोरीला गेला तवापासून मी पडदा भिंतीला नट-बोल्टनं आवळलाय. पान्हा कुठंय? पान्हा त्रिंबकनं नेलेला, ट्रॅक्टरला. आन् त्रिंबक म्हनतो, "मी कवा नेला?"

मंग काय, मान वाकडी करून फारम उघडला. माऊस वर सरकवावा तर बाण खाली जातो, डावीकडं न्यावा तर उजवीकडं पळतो, आडदांड गोऱ्ह्यावानी. पोरीचा फोटो टाकला, तो बी उलटा दिसला. त्याला दोनदा फिरवला, झाला सुलटा. एवढं बरं वाटलं मला… म्हनलं, एक तरी काम सरळ झालं.

आन् युवराजला फोन लावला. युवराज माझा चुलतभाऊ, पुण्यात कंप्युटरच्या दुकानात हाय. तो शांतपनी म्हनतो, "दादा, काय दाबलंस?" म्हनलं, कायबी न्हाई, मी फकस्त नारळ ठिवला. पलीकडं दोन मिनिटं नुसतं हसनं. हिकडं जाईबाई पदरानं तोंड पुसायली, पोरगी दफ्तर छातीशी धरून उभी, आन् ह्याला हसू!

"उजवं बटन दाब. सेटिंगात जा. खाली सरक. अजून खाली. दिशा बदलायचं एक खानं हाय, त्यात पैलं निवड." आता माझं खाली म्हंजे वर… नाव अभिमन्यू, आत शिरलो तर बाहेर कसं यायचं? पन घावलं. दाबलं. पडदा सुलटा झाला, तुमाला सांगतो, मी खुर्चीतून उठलो, त्रिंबकला हाक मारली, ये म्हनलं, बघ बे. तो येऊन बघतो तर पुन्ना उलटा.

"दादा, पंधरा सेकंदात 'ठेवा' दाबावं लागतं, पाटी आली असंल की," युवराज. आली असंल. मी नाचत होतो.

दुसऱ्या बारीला दाबलं. लगेच 'ठेवा' बी दाबलं. ऱ्हायला सुलटा. बाकीची पानं भराभर भरली, चारला त्रिंबक गेला न्हाई, शिव्या देत थांबला, त्याचं पुन्य त्याला लागो. चार पन्नासला अर्ज गेला. पावती छापली.

आन् पावतीवर दीपमाला उलटी.

कळलं का? उलट्या पडद्यावर मी सुलटा फोटो फिरवून उलटा केलता! आन् गेलेला अर्ज बदलता येत न्हाई. वसतिगृहाच्या बाईंना फोन लावला, म्हनलं, म्याडम, पोरगी उलटी गेलीय. त्या म्हनल्या, "शाळंत सुलटी आली म्हंजे झालं. नाव दिसतंय मला इथं, घेतलंय तिला. उद्या पाठवा."

मी जाईबाईची माफी मागितली. तिनं पावती घेतली, फिरवली, पोरीचं तोंड सरळ केलं आन् बघत बसली. दीपमाला म्हनली, "आये, कागद उलटा धरलास."

"आसूंदी," जाईबाई म्हनली, "अक्षरं तू वाच. मला साऽ म्हैने तुझं तोंडच बघायचंय."

पावती घडी करून कमरेच्या पिशवीत ठिवली, उद्या वसतिगृहात सोडायला पोरीला माझ्या हवाली केलं आन् गेली ट्रॅक्टरकडं.

मग युवराजचा फोन. "दादा, सांगायचं ऱ्हायलं, तुझ्या नारळानं कोपऱ्यातली दोन बटनं आन् खालचा बाण एकदम दाबला, म्हून उलटं झालं; तीच दोन बटनं आन् वरचा बाण दाबला असता तरी सुलटं झालं असतं." म्हंजे नारळ जरा वर ठिवला असता तर! फोन ठिवला. नारळ फोडला, पोरीच्या हातावर खोबरं ठिवलं, आन् तुमाला सांगतो… तो बी नासका निघाला.