आप्पांचा घडीचा संडास

(मिऱ्या, रत्नागिरी. १९८४ सालचा मे महिना. आप्पांच्या घरापुढच्या खळ्यात धोंडूची अँबेसेडर टॅक्सी उभी, मागचं दार उघडं. आप्पांची बायको येसूबाई पडवीत तांदूळ निवडत बसली आहे.)

धोंडू : नाही म्हणजे नाही, आप्पा. गाडीत पाच माणसं बसवा, टपावर आंब्याच्या पेट्या टाका, मी काही बोलणार नाही. पण हा संडास माझ्या गाडीत चढायचा नाही.

आप्पा : अरे, तू आधी बघ तरी. मिटला की केवढा होतो बघ. ब्रीफकेससारखा. सीटखाली सरकवला तर कुणाला कळणारसुद्धा नाही.

धोंडू : मला कळेल ना. गाडी माझी आहे.

आप्पा : हे सागाचे पाय. ह्या पितळी बिजागऱ्या. वर बसायला शिडाचं कापड, दुहेरी शिवलंय मी, मधे भोक. खाली ही रबरी चादरीची पिशवी, आत तीन ओंजळी भाताचं तूस. तूस सगळं पिऊन घेतं. मग पिशवीच्या तोंडाला गाठ मारायची. ही गाठ बोटीवरची आहे धोंडू. वादळात सुटली नाही, ती तुझ्या गाडीत सुटेल?

धोंडू : कशेडी घाटात सुटेल. दिवाळीला नवीन कव्हरं घातलीत मी. लाल रेक्झिनची.

आप्पा : काल दोन तांबे पाणी ओतून उलटा टांगला त्याला. थेंब पडला नाही. भागोजीला बसवून बघितलं. तो भागोजी म्हणजे केवढा माणूस. पाय कुरकुरले नाहीत.

धोंडू : माहीत आहे. भागोजीनं स्टँडवर नक्कल करून दाखवली सगळ्यांना. तुम्ही परवा गाठी मारलेली दोरी घेऊन माझ्या गाडीची मापं घेत होतात, तेव्हा मी समजलो होतो कुणाच्या तरी लग्नाची वरात आहे, फुलांच्या माळा लावणार असाल.

येसूबाई : भागोजीला बसवलात त्याच्यावर?

आप्पा : तू तुझे तांदूळ निवड गो. आमचं बोलणं चाललंय.

येसूबाई : कुठे बसवलात? ह्या खळ्यात?

आप्पा : मग काय देवळात बसवू? वजन तपासायला कोणीतरी जड माणूस नको?

येसूबाई : सगळ्या वाडीसमोर. म्हणून काल मी विहिरीवर गेले तेव्हा बायका बोलता बोलता गप्प झाल्या. म्हटलं, झालंय काय यांना. तोंडाला पदर लावून हसत होत्या.

धोंडू : त्यात लाजायचं काय, काकी? डायबिटीस कुणालाही होतो. माझ्या सासऱ्याला आहे. पण आप्पा पुरुषमाणूस. हात केला की मी गाडी बाजूला घेतो, दोन मिनिटांत काम होतं. त्याला एवढं सुतारकाम कशाला?

येसूबाई : कुणाला डायबिटीस?

धोंडू : आप्पांना.

येसूबाई : यांना?

धोंडू : तेच सांगत होते सगळ्यांना. दर अर्ध्या तासाला जावं लागतं, धोतर भिजतं, म्हणून हे बनवलंय म्हणाले.

येसूबाई : हे संध्याकाळी आडवे झाले की सकाळी कावळे ओरडल्यावर उठतात. यांना कसला डायबिटीस? काय हो?

आप्पा : मग काय सांगायला हवं होतं मी लोकांना?

येसूबाई : आणि ते हसले तुम्हाला?

आप्पा : हसले. मीपण हसलो थोडा. तू आता हा विषय वाढवू नको. धोंडू, हे बघ, मला त्रास आहे, गाडीचं भाडं मी देतोय, आणि—

येसूबाई : खोटं बोलू नका. धोंडू, माझ्यासाठी आहे ते.

धोंडू : तुमच्यासाठी?

येसूबाई : शुक्रवारी मुंबईला माझं ऑपरेशन आहे. माझी भाची राही तिथे नर्स आहे, तिनं खाट धरून ठेवलीय. आणि मी येत नाही म्हणून सांगितलंय. वीस दिवस झाले सांगून. तरी यांची ठोकाठोक थांबत नाही.

आप्पा : येत नाही म्हणजे? डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलंस ना तू? आत जखम झालीय. पावसाळ्यानंतर आलात तर माझ्या हातात काही नाही, म्हणाला.

येसूबाई : म्हणू दे.

आप्पा : अशी हट्टी बाई मी सात समुद्रांत बघितली नाही.

येसूबाई : सात समुद्रांतच होता तुम्ही. इथे कधी होता?

धोंडू : काकी, तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटते का? आता सुई टोचून झोपवतात, काही कळत नाही. आणि गाडीचं म्हणाल, तर बारा वर्षं मी बायका-माणसं नेतोय मुंबईला. बाळंतिणी नेल्या, म्हाताऱ्या नेल्या. आजपर्यंत एका बाईनंसुद्धा मला गाडी थांबव म्हणून सांगितलेलं नाही. एकीनंसुद्धा. तुम्हाला खोटं वाटेल.

येसूबाई : खोटं कशाला वाटेल मेल्या? खरंच आहे ते. कशा सांगतील? आदल्या दिवशी दुपारपासून पाणी पीत नाहीत त्या. गाडीत बसल्यावर तू विचारतोस, चहा घेणार का, तर नको म्हणतात. तुला वाटतं, किती साध्या बायका. दहा तास दात आवळून बसतात. आणि तुम्ही पुरुष तीन वेळा उतरता, गाडीच्या चाकाशी उभे राहता, वर बिडी पेटवता. आम्ही आत बसून दुसऱ्या खिडकीतून अंधार बघतो.

धोंडू : मला काय स्वप्न पडतं, काकी? सांगायला हवं ना त्यांनी.

येसूबाई : तू विचारलंस कधी?

धोंडू : बायकांना असं कसं विचारणार?

येसूबाई : नाही ना विचारता येत? मग त्यांना सांगता कसं येईल?

आप्पा : तेच म्हणतो मी. मला राहीच्या पत्रातून कळलं. भाचीच्या पत्रातून. मावशी ऑपरेशनला घाबरत नाही, प्रवासाला घाबरते. एवढंच लिहिलं होतं तिनं. मी घरात आहे, समोर बसून जेवतो, आणि मला मुंबईहून पोस्टकार्ड येतं.

येसूबाई : पोस्टकार्डावर लिहिलं तिनं? म्हणजे पोस्टमननंपण वाचलं असेल.

आप्पा : मला का नाही सांगितलंस ते बोल.

येसूबाई : काय सांगू? चौथ्या बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी पाण्याचे हंडे वाहिले. तेव्हापासून अंग खाली उतरलंय. सतरा वर्षं. चालताना हातानं सावरून चालते मी. उकिडवी बसले तर उठवत नाही. आणि एकदा लघवीला लागली की धरवत नाही, जरासुद्धा नाही. ह्या वाडीतल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. तुम्हाला डॉक्टरनं सांगितलं तेव्हा कळलं.

आप्पा : मी बोटीवर होतो.

येसूबाई : बोट सोडून सहा वर्षं झाली तुम्हाला.

धोंडू : आप्पा, मी नंतर येतो हवं तर.

येसूबाई : थांब तू. गाडी तुझी आहे ना? मग ऐक. पूर्वी रत्नागिरीहून मुंबईची बोट होती. त्या बोटीनं मी गेलेय. बोटीत संडास होता, दाराला कडी होती. घाण होता, पण होता. बोट बंद झाली. तेव्हा लोक म्हणाले, आता एस्टी आहे, रस्ता चांगला झाला, बोट कशाला हवी. कोण म्हणालं असं? पुरुष म्हणाले.

आप्पा : बोट मी बंद केली का?

येसूबाई : तीन वर्षांपूर्वी नातवाच्या, सोनूच्या बारशाला गेलो आपण एस्टीनं. आठवतं? घाटात गाडी थांबली. तुम्ही उतरलात, परत येऊन बसलात. मी कडेला झाडीत गेले. उकिडवी बसता येत नाही, म्हणून अशी अर्धी वाकून उभी. वळणावरून ट्रक आला. त्याचे दोन्ही दिवे माझ्यावर. ट्रकमधली माणसं ओरडली. काय ओरडली ते सांगत नाही. मी तशीच सरळ झाले. लुगडं भिजलं. मुंबईपर्यंत तशी बसून होते तुमच्या शेजारी.

आप्पा : माझ्या शेजारी?

येसूबाई : तुम्ही म्हणालात, खिडकी उघड गो, कसला तरी वास येतोय.

धोंडू : काकी, मी काय म्हणतो, कव्हरांचं राहू दे. पण माझ्या गाडीत गणपती बसवलाय. पुढे, काचेजवळ. रोज हार घालतो मी. त्याच्यासमोर असलं काही... मला नाही बरं वाटत.

येसूबाई : पार्वती आंघोळीला बसली होती तेव्हा दाराशी कुणाला उभं केलं होतं?

धोंडू : गणपतीला.

येसूबाई : मग त्याचं तेच काम आहे, धोंडू. तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. आत नाही बघितलं. बापालासुद्धा सोडलं नाही आत, मुंडकं गेलं तरी. तुझ्या गणपतीला काही वाटायचं नाही. वाटतंय ते तुला.

धोंडू : तुमच्याशी बोलण्यात कोण पुरा पडणार?

आप्पा : म्हणूनच बनवलं ना मी हे. सगळा विचार केलाय. उकिडवं बसायला नको, खुर्चीसारखं बसायचं. गाडीचं छप्पर मोजलंय, डोकं लागणार नाही. आता तरी एकदा बसून बघ. एकदा. नाही जमलं तर चुलीत घालतो.

येसूबाई : आणा इकडे. उघडतो कसा हा?

आप्पा : ह्या दोन बाजूंना दोन कड्या. दोन्ही हातांनी दाबून धरायच्या. झालं की सोडायच्या. सोडल्या की आपोआप मिटतो. ते स्प्रिंगचं काम बघ, पंधरा दिवस गेले त्यात.

येसूबाई : म्हणजे बसले असताना दोन्ही हात कड्यांवर.

आप्पा : हो.

येसूबाई : लुगडं कोण धरणार?

आप्पा : अं?

येसूबाई : नऊवार लुगडं आहे. काष्टा आहे. तो सोडायचा, वर घ्यायचा, धरून ठेवायचा. ते कोण करणार? भागोजी?

धोंडू : भागोजी हाफपँटीत बसला होता.

आप्पा : तू हसू नको.

धोंडू : हसत नाही, आप्पा. खरंच सांगतो.

येसूबाई : गाडी मोजलीत. छप्पर मोजलंत. भागोजीला तोललंत. मी इथे पडवीत बसलेले, वीस पावलांवर. मला एकदा विचारलं असतंत.

आप्पा : तू बोलली नसतीस.

येसूबाई : नसते बोलले. शिव्या दिल्या असत्या. पण शिव्या देता देता सांगितलं असतं. आणि मी बसलेली असताना तुम्ही दोघं कुठे असणार?

आप्पा : पुढच्या सीटवर. तोंड फिरवून.

येसूबाई : आणि तो आरसा?

धोंडू : तो मागून गाड्या येतात त्या बघायला असतो, काकी.

येसूबाई : काय काय दिसतं त्यात?

धोंडू : मागची सगळी सीट दिसते.

येसूबाई : मग? गाडी थांबवायची. चारी खिडक्यांना पडदे हवेत. माझी दोन जुनी लुगडी आहेत, जाडी, ती फाडा. तुम्ही दोघांनी उतरून लांब जायचं. बोलत उभं राहायचं, मला तुमचा आवाज यायला हवा. म्हणजे मला कळेल तुम्ही कुठे आहात ते. आणि परत यायचं ते मी हाक मारल्यावर. कितीही वेळ लागला तरी. हॉर्न वाजवलास तर तुझी गत बघ.

धोंडू : नाही वाजवणार.

आप्पा : पण कड्यांचं काय करू? स्प्रिंग काढली तर पाय फाकतात. माणूस खाली बसेल भुईवर.

येसूबाई : ते तुम्ही बघा. पंधरा दिवस काय बघत होतात?

आप्पा : दोरीनं बांधले तर घडी होणार नाही. खिळा मारला तर कायमचा तसाच. कडी नको तर दुसरं काय धरून ठेवणार त्याला? तू सांग ना, तुला एवढं कळतं तर.

धोंडू : आप्पा, बॉनेट उघडलं की मी काय करतो?

आप्पा : काय करतोस?

धोंडू : हातानं धरून उभा राहतो का? मला दोन्ही हात लागतात इंजिनात. दांडी असते ती. वर उचलायची, खाचेत अडकवायची. झालं की काढायची. बॉनेट बंद.

आप्पा : दांडी.

धोंडू : एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत. माझ्याकडे जुनी पडलीय एक, गॅरेजमधे. कापून घेतली की बसेल. आणून देतो संध्याकाळी.

आप्पा : दोन लागतील. पुढून एक, मागून एक.

धोंडू : दोन करू. आणि सीटवर जाड प्लास्टिक घालणार मी, काकी, ते आधीच सांगतो. त्यावरून मला बोलू नका.

येसूबाई : घाल. मी तुझ्या जागी असते तर मीपण घातलं असतं. वर उंची चार बोटं कमी करा हो. माझे पाय भुईला टेकायला हवेत, लोंबकळत बसायला मी काय लहान आहे?

आप्पा : म्हणजे तू येतेस.

येसूबाई : आधी ते नीट करा. मग बोलू.

आप्पा : येसू, त्या दिवशी एस्टीत मला खरंच कळलं नाही गो.

येसूबाई : माहीत आहे. त्याचाच राग आहे.

धोंडू : मग गुरुवारी रात्री आठला येऊ का मी?

येसूबाई : शुक्रवारच्या ऑपरेशनला आदल्या दिवशीच भरती व्हायला लागतं, गुरुवारी रात्री निघून कशी पोचू? आणि रात्री कशाला?

धोंडू : बरं, बुधवारी निघू. पण बायका-माणसं असली की आम्ही रात्रीच निघतो, काकी. पहिल्यापासून तसंच आहे. तुमच्याच सोयीसाठी.

येसूबाई : अंधार असतो म्हणून ना? आता मला अंधार नको. सकाळी ये, उजाडल्यावर.

आप्पा : मे महिन्याच्या उन्हात? भाजून निघशील.

येसूबाई : निघू दे. रात्रीच्या एस्टीनं तीन वेळा गेले मुंबईला, तीन वेळा आले. वाटेत काय काय लागतं, ते अजून बघितलं नाही मी.