सात नंबरच्या दोघी

सिस्टर: तो डबा ठेव बाजूला आणि आधी इकडे बघ. मी दोन ओळी लिहिल्यात आणि हे छापतंय एकच. सकाळपासून डोकं फोडतेय.

धाकटी: ताई, श्वास घे आधी. हा तुझा त्या रुबी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतला पहिलाच प्रोग्राम ना? वजनांचा?

सिस्टर: दुसरा. पहिल्यात मी स्वतःलाच नमस्कार छापला होता. हो, तोच, वजनांचा. आमच्या काचेच्या पेट्यांमधल्या, दिवस पुरे न झालेल्या बाळांची वजनं रोज सकाळी इथं टाकते, आणि वरच्या मजल्यावर बाळंतिणींच्या हॉलमध्ये ती स्क्रीनवर दिसतात. बिचाऱ्यांना ओले टाके घेऊन जिना उतरायला नको. आठवडाभर दृष्ट लागण्यासारखं चाललं.

धाकटी: आणि आज?

सिस्टर: आज सात नंबरचं एक बाळ गायब.

धाकटी: गायब?

सिस्टर: स्क्रीनवरून गं! पेटीत मजेत आहे. सात नंबरच्या बाळंतिणीला जुळ्या मुली झाल्यात परवा. नाजूक आहेत, पण दोघी ठीक. आज पहिल्यांदा त्यांची वजनं चढवली. मोठीचं सोळाशे चाळीस ग्रॅम, बारकीचं तेराशे ऐंशी. स्क्रीनवर आली नुसती बारकी.

धाकटी: मग तू काय केलंस?

सिस्टर: काय करणार? ओळी वर-खाली केल्या. बारकीला वर घेतलं, मोठीला खाली.

धाकटी: मग?

सिस्टर: मग मोठी आली आणि बारकी गेली.

धाकटी: अरे वा!

सिस्टर: वा काय, वा?

धाकटी: म्हणजे पुरावा चांगला आहे. जी ओळ खाली, ती टिकते. ते बिघडलेलं नाही ताई, कुठला तरी नियम पाळतंय.

सिस्टर: तुझा पुरावा बाहेर बाकावर बसलाय. सात नंबर स्वतः. टाके हाताने धरून जिना उतरून आली. सकाळी स्क्रीनवर तिला मोठी दिसली नाही, नुसता बारकीचा आकडा. दुपारी बघते, तर ती परत आलेली आणि दुसरी नाहीशी. कुठल्या आईचं काळीज जागेवर राहील?

धाकटी: तू दाखवल्यास ना तिला दोघी?

सिस्टर: काचेतून दाखवल्या. मान हलवली, पण बाकावरून हलत नाही. पाण्याचा घोट घेत नाही. अशानं दूध कसं येणार? आणि त्या दोघींना तेच तर हवंय. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तुमचं ते खेळणं बंद करा. करीन बंद. पण तिच्या दोघी तिथं शेजारी शेजारी दिसल्याशिवाय नाही.

धाकटी: बरं. चालवून दाखव. थांब, ही वर ओळ कसली आली?

सिस्टर: ती होय? सकाळपासून येतेय. इंग्रजीत कसला तरी इशारा आहे. प्रोग्राम पुढे चालतो ना, म्हणून सोडून दिली.

धाकटी: पेटीवरचा मॉनिटर वाजला तर सोडून देतेस?

सिस्टर: तो वाजला की पळत सुटते.

धाकटी: मग हाही वाजतोय. वाच.

सिस्टर: सात ही किल्ली दोनदा आली आहे, आणि आधीच्यावर नवं लिहिलं आहे... अगं बाई. म्हणजे यानं मला सांगितलं होतं?

धाकटी: दर वेळी. तू हॅश बनवलायस ना? त्या यादीत प्रत्येक वजनाला एक किल्ली असते, ओळखीची खूण. किल्ली, मग बाण, मग वजन. तुझी किल्ली कुठली?

सिस्टर: बेड नंबर.

धाकटी: बाळांना कुठून बेड नंबर?

सिस्टर: बाळाचा नाही, आईचा. इथं बाळाला नाव नसतं. घरी जाईपर्यंत ते तीन नंबरचं बाळ, नाहीतर नऊ नंबरचं बाळ. आम्ही सगळ्याजणी तसंच म्हणतो. मला दुसरं काही सुचलंच नाही.

धाकटी: आणि एका किल्लीला जागा एकच. सातवर तू मोठीला ठेवलंस, मग सातवरच बारकीला. रुबीला वाटलं, तू वजन दुरुस्त करतेयस.

सिस्टर: म्हणजे त्याच्या लेखी एकच बाळ.

धाकटी: तू लिहिलंस त्यावरून, हो.

सिस्टर: दोघींना माझ्या हातांनी दूध पाजते गं मी. आणि त्याच हातांनी सवयीनं दोनदा सात लिहिलं.

धाकटी: होतं ताई. सोपं आहे, सातच्या पुढे कंस टाकून दोघींची वजनं एकत्र ठेवता येतील.

सिस्टर: कंसात नुसते दोन आकडे? कुठला कुणाचा, हे बघून ती आणखी घाबरेल.

(दारावर टकटक. पोटावर हात दाबून बाळंतीण आत येते.)

बाळंतीण: सिस्टर, इथं बसू का मी? बाहेर ऐकू येतंय. सात, सात म्हणताय सारखं.

सिस्टर: या, या. ही माझी धाकटी बहीण. खुर्ची दे गं त्यांना. सावकाश, आधी हात टेकवा, मग बसा.

बाळंतीण: खरं सांगा. एक गेली ना?

सिस्टर: नाही हो. मघाशी दाखवल्या ना दोघी?

बाळंतीण: दाखवल्यात. पण तो काविळीचा निळा उजेड, डोळ्यांवर पट्ट्या, सगळीच बाळं सारखी दिसतात. मला वाटलं, माझं मन राखायला दुसऱ्या कुणाच्या बाळाकडे बोट दाखवलंत. राग नका मानू.

सिस्टर: राग कसला? तुमच्या जागी मी असते तर काच फोडली असती. ऐका. चूक माझी आहे. दोघींना मी एकाच नंबरावर लिहिलं, म्हणून एकीचं वजन आलं की दुसरीचं पुसलं जायचं. मुलींना काही झालेलं नाही.

बाळंतीण: पुसलं जायचं?

धाकटी: नुसता आकडा. असं समजा, एका खुंटीवर एकच झबलं राहतं. दुसरं अडकवलं की हे यंत्र पहिलं काढून टाकतं. आता आम्ही दोन खुंट्या करतोय.

बाळंतीण: करा मग. मी बसते.

सिस्टर: बाळांच्या मनगटावरच्या पट्टीवर आहे तसंच लिहू? सात एक, सात दोन?

बाळंतीण: दोन नको.

सिस्टर: का हो?

बाळंतीण: दोन म्हटलं की मागे राहिल्यासारखी वाटते. आधीच एवढीशी आहे.

धाकटी: मग मोठी आणि बारकी?

सिस्टर: छे. उद्या बारकीनं बाजी मारली तर? चार दिवसांत गुटगुटीत होतात, मी बघितलंय.

धाकटी: खरंय. किल्ली अशी हवी, जी वजनाबरोबर बदलणार नाही.

सिस्टर: नावं ठरवलीत का काही?

बाळंतीण: हे म्हणत होते, ठरवू या. मीच अडवलं. घरी नेईपर्यंत नको. नाव ठेवायचं आणि मग...

सिस्टर: बरं, बरं. राहू दे. घाई नाही.

बाळंतीण: पोटात होत्या तेव्हा हाक मारायचे मी. पण ते काही नाव नाही. हसाल तुम्ही.

सिस्टर: इथं हसायला फारसं मिळत नाही. सांगाच.

बाळंतीण: उजवी आणि डावी. सोनोग्राफीत तशा दिसल्या ना, तेव्हापासून. उजवी फार लाथा मारायची. मग मी दटावायचे, उजवे, पुरे आता, डावी बघ कशी शहाण्यासारखी निजलीय.

सिस्टर: मोठी ती उजवी का?

बाळंतीण: हो. तीच आधी आली बाहेर. डावीला यायचंच नव्हतं.

सिस्टर: अजूनही तशीच आहे. दूध पाजायला उठवलं की कपाळाला आठ्या घालते.

बाळंतीण: आठ्या घालते?

सिस्टर: अश्शा. म्हातारीसारख्या.

बाळंतीण: यांच्या आईवर गेलीय.

धाकटी: लिही ताई. रुबीला किल्ली म्हणून शब्दही चालतो. फक्त तीच किल्ली पुन्हा नको.

सिस्टर: सात उजवी, बाण, सोळाशे चाळीस. सात डावी, बाण, तेराशे ऐंशी. चालवते हं. अगं, हे काय! सगळंच गेलं! हे काय लांबलचक आलंय?

बाळंतीण: गेल्या?

धाकटी: कुणी कुठं गेलं नाही. ताई, अवतरणचिन्हं. आकड्यांना लागत नाहीत, शब्दांना लागतात.

सिस्टर: घाबरू नका हो, ते माझ्यावर ओरडतंय, तुमच्या पोरींवर नाही. अगदी आमच्या मोठ्या सिस्टरांसारखं आहे, एवढंसं चुकलं की पानभर ऐकवतं. हं, टाकली चिन्हं. आता?

धाकटी: आता आधी वर बघ. तो इशारा आला?

सिस्टर: नाही. गप्प आहे.

धाकटी: मग बघ खाली.

सिस्टर: मी कशाला? तुम्ही या पुढे. वाचा.

बाळंतीण: तीन, अठराशे दहा. पाच, पंधराशे वीस. सात उजवी... सोळाशे चाळीस. सात डावी, तेराशे ऐंशी.

सिस्टर: पुढे नऊ नंबरही आहे.

बाळंतीण: असू दे.

सिस्टर: वरच्या हॉलमध्येही आता असंच दिसतंय. चाकाची खुर्ची मागवते, वर चला. दोन घास खा. मग संध्याकाळी पेटीत हात घालून दोघींना लावा, म्हणजे माझ्यावर नको आणि यंत्रावरही नको विश्वास ठेवायला.

बाळंतीण: जाते. खाते. सिस्टर, ते परत एकदा चालवता?

सिस्टर: अहो, परत तेच येणार.

बाळंतीण: तेच येऊ दे.