कानावर पडेपर्यंत

सरला: परत वाचा. माका परत वाचून दाखवा.

भाई: किती वेळा वाचू, सरला? 'काशिनाथ काल वारला. कावेरी आणि तुळसा उद्या सकाळच्या गाडीने पोहोचतात.' एवढंच आहे. तार आहे ती, पत्र नव्हे.

सरला: पण कसो वारलो, भाईकाका? छत्तीस वरसांचो माझो भाव. परवाच तेचा पत्र इला माका कुडाळात. वरसाची उरलेली सगळी रजा जोडून येतंय म्हणान. डिसेंबर सरेपर्यंत घराकच रवतलंय म्हणान.

भाई: पोस्टात जाऊन मुंबईला ट्रंककॉल लावला मी. कावेरीचा भाऊ बोलला. कामावर छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळी उरकलंसुद्धा. अस्थी घेऊन येत आहेत. डोळे पूस.

सरला: आयेक सांगलात?

भाई: नाही.

सरला: कोणीच नाय?

भाई: कोणीच नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. पोस्टमननं तार वहिनींकडे न नेता माझ्या हातात दिली, तेवढीच देवाची कृपा. उद्या सून येईल, नात येईल, त्यांच्या गळ्यात पडून तरी रडेल ती. आज सांगितलं तर रात्रभर त्या घरात काय करील? आजची एक रात्र तिचा मुलगा तिच्यापुरता जिवंत राहू दे, सरला.

सरला: ती काय करता आता?

भाई: करंज्या.

सरला: देवा रे माझ्या.

भाई: सकाळपासून मागीलदारी चूल पेटवून बसली आहे. काशिनाथ येणार म्हणून. मी दोनदा जाऊन आलो. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं मी, पण हे एक वाक्य मला बोलता येत नाही.

सरला: आणि वाडी? साती घरां आपल्याच भावकीची. कोण ना कोण बोलतलाच.

भाई: सगळ्यांना ताकीद दिली आहे. भावकीला सुतक लागलं, तेव्हा चुलीवरच्या कढया उतरवायला सांगितल्या. आपली दिवाळी संपली. पण कोणी मोठ्यानं रडायचं नाही आणि कोणी तिच्या खळ्यात, अंगणात पाऊल टाकायचं नाही. तू फक्त तिच्याजवळ बस. तिला वाडीत फिरू देऊ नकोस.

सरला: आणि तिना माझा तोंड बघल्यान तर?

भाई: सांग, गाडीत उलटी झाली.

सरला: भाईकाका, ती माझी आवस आसा. तिका फसवूक आजपर्यंत कोणाक जमला?

भाई: म्हणूनच तुला बोलावलं. मला तर मुळीच जमणार नाही. जा बाळ, जा.

(मागीलदार. तीन दगडांची चूल, वर कढई. आनंदीबाई सुपात करंज्या, त्यांच्या बोलीतल्या नेवऱ्या, मांडत आहेत.)

आनंदी: कोण गो ता? सरला? चेडवा, तू आज खंयसून? भावबीजेक येवची होतस ना?

सरला: इलंय अशीच. मन लागला नाय.

आनंदी: घोवाबरोबर भांडलस?

सरला: नाय गो आये.

आनंदी: मगे पोरां खंय? पिशवी खंय? दिवाळेच्या तोंडार रिकाम्या हातान म्हायेराक इलेला चेडू मी पयलीच बघतंय. आणि डोळे कित्याक सुजले?

सरला: गाडयेत उलटी झाली.

आनंदी: तुका? तू तर होडयेत बसान विजयदुर्गाक जाताना सुके बांगडे खायत होतस. बरा, इलस ता बरा केलस. हात धू आणि लाटूक बस. आज माझ्या मदतीक काळा कुत्रा येवक नाय.

सरला: दी लाटणा.

आनंदी: पातळ लाट हां. काशिनाथाक जाड नेवरी चलना नाय. ल्हान होतो तेवा आतला खोबरा खाऊन पुरी कोंबड्यांका घाली. मी मारूक धावलंय काय तुझ्या बाबांच्या फाटी जाऊन लपायचो. आठवता तुका?

सरला: आठवता.

आनंदी: आणि ता कातण बाजूक ठेव. कातणान कातरलेल्यो नको. हातान मुरड घालूची, अशी, बोटान दुमडून दुमडून. मुरड घातली काय माणूस मुरडान घराक येता, तुझी आजी म्हणायची. गेल्या दोन दिवाळेक माझी बोटां दुखत होती म्हणान मी कातण फिरवलंय. आणि बघ, दोनय वरसा तो येवक नाय. साहेब रजा देणा नाय, हां नाय, तां नाय. औंदा मी एकूण एक नेवरेक मुरड घातलंय.

सरला: धूर जाता गो डोळ्यात.

आनंदी: वारो तुझ्याकडसून माझ्याकडे आसा. धूर माझ्या डोळ्यात जाता आणि पाणी तुझ्या डोळ्यात येता?

सरला: जागरण झाला.

आनंदी: हूं. टू-इन-वन घेवन येता तो, तुका लिवल्यान काय? माझो आवाज भरून मुंबयक न्हेतलो म्हणे, तुळसाक आयकवूक. मी म्हटलंय, माझो आवाज भरून तू काय आयकतलस रे? जलमभर आयकलस तितको पुरो नाय झालो?

सरला: आये, वायच गप बस ना.

आनंदी: कित्याक गो? झील दोन वरसांनी येता, बोलू पण नको मी? ही घे, आताच काढलंय. गूळ बरोबर पडलो काय बघ.

सरला: नको.

आनंदी: नको?

सरला: पोट बरा नाय.

आनंदी: अर्धी खा.

सरला: घशाखाली उतराची नाय गो आये. खरांच नको.

आनंदी: बरा. ठेव सुपात.

सरला: रागावलस?

आनंदी: नाय. सरला, परवा चावदिस ना, दिवाळेची पयली आंघूळ?

सरला: परवा.

आनंदी: मगे वाडयेत तळणाचो वास कसो नाय? सकाळपासून माझ्याच तेलाचो वास माझ्या नाकात. सुगंधाची कढई तर चावदिसाच्या चार दिस आदी चढता. तिच्यो चकल्यो करपल्याचो वास मळ्यापर्यंत जाता.

सरला: लाकडां ओली झाली असतली. परवा पावस लागलो ना.

आनंदी: साती घरांची लाकडां एकदम भिजली आणि माझीच तेवढी सुकी रवली? माझ्यार देवाची मोठीच माया म्हणूची.

सरला: असा काय बोलतस?

आनंदी: सुगंधा मघाशी परड्यातना पाण्याक गेली. मी हाक मारलंय. तिना मान वर केल्यान नाय. सत्यवती दरवरसा लाटूक येता, चार घरांच्यो चुगल्यो सांगल्याबिगर तिची पुरी गोल होणा नाय. ती येवक नाय. भाईन कंदील अर्धो टाकल्यान. काल सांजेपर्यंत कागद चिकटयत होतो. तीन बाजवांका लाल कागद, बाकीचे बांबू उघडे. जा, बघून ये खळ्यात.

सरला: खळ संपली असतली.

आनंदी: खळ मी शिजवून दिलंय, वाटी भरून. आणि तो आज दोनदा माझ्याकडे इलो. म्हणता कसो, 'वहिनी, आपण जेवलात का?' आपण! इतकी वरसा 'जेवलस गो वयनी?' म्हणणारो माणूस. भाई माझ्याकडे शाळेतला मराठी एकदाच बोललेलो, सरला. तुझे बाबा गेले त्या दिसा. 'वहिनी, जरा बसून घ्या.'

सरला: आये...

आनंदी: थांब.

सरला: माका नाय रवाक जाणा आता. मी सांगतंय तुका, आपलो...

आनंदी: थांब म्हणतंय ना! तोंडातसून एक शब्द काढू नको. माझी शपथ आसा तुका.

सरला: तुका कळला.

आनंदी: माका काय कळूक नाय. माका कोणी काय सांगूक नाय. आयक माझा. तुझो धाकटो काका बोटीर होतो. तो थंय परमुलकात वारलो आणि पत्र हंय इला महिन्यान. त्या महिन्यात आमी लग्नाक जेवलाव, सण केलाव, ह्याच कढयेत वडे तळलाव. पत्र इला तेवा तुझ्या बाबांनी भटाक इचारल्यानी, आमका पाप लागला काय? भट म्हणालो, नाय. कानार पडता तेवा सुतक. कानार पडल्याबिगर सुतक नाय.

सरला: मगे?

आनंदी: मगे माझ्या कानार अजून काय पडूक नाय. आता मी इचारतंय तितक्याच बोल. होय काय नाय, इतक्याच. सकाळच्या गाडयेन कावेरी येता?

सरला: होय.

आनंदी: तुळसा येता?

सरला: होय.

आनंदी: बस. तिसरा नाव मी घेणंय नाय.

सरला: आये, उतरय गो ती कढई. पाया पडतंय तुझ्या. आता कोणासाठी तळतस?

आनंदी: तुळसासाठी. पाच वरसांचा चेडू. रातभर गाडयेत बसान येतला. हंय इल्यार तेका रडणारीच माणसां दिसतली. मगे तेच्या हातात कोण काय देतला? आणि एकदा माझ्या कानार पडला काय वरीसभर ह्या घरात कढई चढाची नाय. फुडल्या दिवाळेक भावकी ताट आणून देतली, ता तुळसा खायत. पण आजयेच्या हातचा तेका वरीसभर गावाचा नाय. आणि वरसान मी आसतलंय काय नाय, कोणी बघला?

सरला: लोक काय म्हणतले? झील गे... म्हणतले, अशा दिसात तळल्यान.

आनंदी: लोकांका सांग, म्हातारेक ठावक नव्हता. खोटा नाय ता. लाट.

सरला: माझो हात चलना नाय.

आनंदी: लाट गो.

सरला: तुझो कसो चलता, आये? माका रडाक येता आणि तू पुरी भरतस. तुझो हात कसो चलता?

आनंदी: चलता खंय? चलयतंय मी. आत सगळा जळता माझा, सरला. हात थांबलो तर मी ह्या चुलीच्या म्होरेच पडतलंय. चार गोळे रवले हत. त्या चार पुऱ्यांपुरतो माका माझो झील आसा. तितको तरी माका दी.

सरला: लाटतंय.

आनंदी: पीठ थोडाच घे.

सरला: होय.

आनंदी: पदरान डोळे पूस आदी. पिठात पडता.

सरला: पुसलंय.

आनंदी: हो शेवटचो गोळो माका दी. ह्येची दोन बोटांयेवढी करतंय. तुळसाची भावली आसा ना, केस उपटलेली, तिच्यासाठी. गेल्या खेपेक माका इचारी होती, आजये, भावलेक कोण खाऊ देता?

सरला: तू काय म्हटलस?

आनंदी: म्हटलंय, तिच्या आजयेक इचार. हसली रे हसली. कावेरीक पण हसू आवराना. सगळीच हसत होती.

सरला: आये, तेल धूर काढता.

आनंदी: सोड ती. हलकेच, काठावरसून. ल्हान आसा, लगेच लाल होतली. काढ.

सरला: काढलंय.

आनंदी: गरम गरम डब्यात भरू नको, मऊ पडतल्यो. सुपातच ठेव आणि वर फडको घाल. कढई उतरय.

सरला: उतरली.

आनंदी: लाकडां भायर ओढ. पाणी मार तेंच्यार.

सरला: मारलंय.

आनंदी: भाई खंय आसा?

सरला: कुंपणाकडे उभो आसा. हडेच बघता.

आनंदी: उभो रवू दी. तेका कोणी बोल लावू नका. शुद्ध बोलाक तेका किती जड गेला असतला. सूप भुतूर न्हेवन फळयेर ठेव. मुंग्यांका गावाचा नाय अशा जागेर.

सरला: ठेवलंय.

आनंदी: दार लोटलस?

सरला: लोटलंय.

आनंदी: ये, हडे बस. अशी नाय, माझ्या म्होरे. माझे दोनय हात धर.

सरला: धरलंय, आये.

आनंदी: आता सांग.