सरांनी 'यस' दाबलं

आमच्या लातूरच्या फिजिक्सच्या सरांचं ऐका. ह्याच सरांनी मला "तुझ्या डोक्यात काय बी शिरत न्हाई" म्हणून क्लासमधून हाकललं होतं. आता मी उडालेला डेटा परत काढून देतो, म्हणून गेल्या आठवड्यात तेच माझ्या दुकानात आले. सगळ्या लेक्चरचे व्हिडिओ घरच्या वायफायला जोडलेल्या स्टोरेजच्या डब्यात होते. परीक्षा तोंडावर अन् डबा रिकामा!

"काय दाबलं, सर?"

"यस."

"पण डब्यानं विचारलं काय होतं?"

"लई लांबलचक होतं रे. कोण वाचत बसतंय?"

डिस्क पुसू का, एवढंच विचारलं होतं बिचाऱ्यानं. वर सर म्हणतात, "डब्यात दोन डिस्क हायत ना? दुसरीत असंल की!"

"सर, दुसरी पहिलीची कॉपी करते. पहिलीनं पेपर कोरा दिला की हिचाबी कोरा."

चार दिवस खपून व्हिडिओ काढले. पहिलाच सरांसमोर लावला. स्क्रीनवर सर पोरांवर ओरडत होते, "प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर देतो, तो गाढव!"

सर हळूच म्हणाले, "आवाज कमी कर."

मी वाढवला.